एम टू एसएसडीसाठी केसिंग कोणतं घ्यावं? उन्हाळा, पोर्ट आणि केबल धरून सांगा

तेरणाकाठ (धाराशिव)

फोटो स्टुडिओच्या कामासाठी लॅपटॉपमधून काढलेल्या दोन एम टू डिस्क वापरात आणायच्यात.

पहिली ५१२ जीबी. कनेक्टरला एकच खाच, लेबलवर एनव्हीएमई, ३.३ व्होल्ट, २.५ अँपिअर असं लिहिलंय.
दुसरी २५६ जीबी. कनेक्टरला दोन खाचा, लेबलवर साटा ६ जीबीपीएस.

जोडायचं विंडोजच्या डेस्कटॉपला, एम१ मॅकबुक एअरला आणि लग्नाच्या शूटिंगला आयफोन १५ प्रोला. दुकानात ५, १०, २० आणि ४० जीबीपीएस अशी सगळी केसिंग (डिस्क आत घालून यूएसबीनं जोडायची डबी) दाखवतात. दोन्ही डिस्कला एकच केसिंग चालेल का? आणि मे महिन्यात पत्र्याखाली काम चालतं, तेव्हा डिस्क तापून बंद पडणार नाही असं काय घ्यावं?

मांजरा (लातूर)

ताई, लेबलचे तपशील दिलेत ते फार बरं झालं. आधी डिस्कची जात ओळखायची, मगच केसिंगकडं वळायचं.

एम टू हे फक्त आकाराचं नाव आहे. २२८० म्हणजे २२ मिमी रुंद आणि ८० मिमी लांब. २२३०, २२४२, २२६० याच मापात वाचायचे. त्या पट्टीवर आतून दोन वेगळ्या भाषा चालतात, साटा आणि एनव्हीएमई. एक खाच असेल तर बहुतेक एनव्हीएमई, दोन असतील तर बहुतेक साटा. पण दोन खाचांच्या एनव्हीएमई डिस्कही निघालेल्या आहेत, म्हणून शेवटचा शब्द लेबलचा.

गोंधळ कुठं होतो ते बघा. दोन खाचांची साटा डिस्क फक्त-एनव्हीएमई केसिंगमध्ये व्यवस्थित बसते, स्क्रूही लागतो, पण कॉम्प्युटरला काहीच दिसत नाही. डिस्क मेली असं समजून लोक फेकून देतात. डिस्क चांगली असते, केसिंगमधल्या चिपला साटा येत नसतं.

त्या चिपलाच ब्रिज म्हणतात आणि केसिंगची खरी किंमत तीच. खोक्यावर नसेल तर दुकानदाराला विचारा, ऑनलाइन असेल तर तपशिलात शोधा:

रिअलटेक आरटीएल ९२१०बी: एनव्हीएमई आणि साटा दोन्ही, १० जीबीपीएस. शेवटच्या ‘बी’कडं लक्ष द्या, नुसता आरटीएल ९२१० फक्त एनव्हीएमईचा.
जेमायक्रॉन जेएमएस ५८३ आणि एएसमीडिया एएसएम २३६२: फक्त एनव्हीएमई, १० जीबीपीएस.
जेमायक्रॉन जेएमएस ५८०: फक्त साटा.
एएसएम २३६४: एनव्हीएमई, २० जीबीपीएस.
एएसएम २४६४पीडी: यूएसबी ४, ४० जीबीपीएस.

तुमच्या दोन्ही डिस्कसाठी ९२१०बी असलेलं केसिंग घ्या. ज्या केसिंगवर चिपचं नाव कुठंच सापडत नाही ते मी तरी सुचवणार नाही.

दुधना (जालना)

मांजरा दादांच्या म्हणण्यात पोर्टची भर घालतो. केसिंग कितीही वेगाचं घ्या, पोर्ट, केबल, ब्रिज आणि डिस्क या चौघांत जो सगळ्यात हळू, तोच वेग मिळतो.

यूएसबीची नावं इतकी बदलली की खोक्यावरच्या ‘३.०’, ‘३.१’, ‘३.२’ वरून काहीच कळत नाही. जीबीपीएसचा आकडा तेवढा वाचा. मोठी फाइल कॉपी करताना प्रत्यक्षात साधारण असा वेग दिसतो:

सेकंदाला ३५ ते ४० एमबी: जोडणी यूएसबी २ वर चाललीय.
४०० ते ४५० एमबी: ५ जीबीपीएसचा पोर्ट.
५०० ते ५५० एमबी: १० जीबीपीएसवर साटा डिस्क. साटाची हद्दच ती.
९०० ते १००० एमबी: १० जीबीपीएसवर एनव्हीएमई.

३५-४० चा आकडा दिसला की दहात नऊ वेळा केबल दोषी. मोबाइलच्या चार्जरसोबत आलेली सी-टू-सी केबल दिसायला तशीच असते, पण बहुतेक वेळा तिच्यात यूएसबी ३ च्या तारा नसतात. ती चार्जिंगसाठी ठेवा. केसिंगसोबत आलेलीच केबल वापरा, नवी घ्यायची तर १० जीबीपीएस लिहिलेली आणि १ मीटरच्या आतली घ्या.

दुसरं कारण बारीक आहे. चपट्या यूएसबी-ए पोर्टमध्ये पिन हळूहळू सारली तर आधी यूएसबी २ चे संपर्क लागतात आणि जोडणी तिथंच अडकते. काढून एका दमात पूर्ण बसवा.

डेस्कटॉपला नेहमी मागचा, थेट मदरबोर्डवरचा पोर्ट वापरा. कॅबिनेटच्या पुढचे पोर्ट आतल्या वायरीनं जोडलेले असतात, तिथं सिग्नलही पडतो आणि व्होल्टेजही. वायरलेस माउसचं डोंगल केसिंगच्या शेजारच्या पोर्टात ठेवू नका. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो, इंटेलनं २०१२ मध्ये त्यावर तांत्रिक टिपणही काढलं होतं. कॉपी चालू असताना माउस अडखळायला लागला तर डोंगल दुसऱ्या बाजूला लावा.

तेरणाकाठ (धाराशिव)

१० जीबीपीएस समजलं. मग २० चं घेऊन ठेवलं तर पुढं कामाला येणार नाही का? दुकानदाराचा आग्रह त्याचाच आहे.

गोदाकाठ (नांदेड)

नका घेऊ ताई. २० जीबीपीएस म्हणजे जेन २ बाय २. ते मिळायला कॉम्प्युटरचा टाइप-सी पोर्टही नेमका त्याच प्रकारचा लागतो आणि असे पोर्ट मोजक्याच मदरबोर्डवर असतात. नसेल तर केसिंग १० वर उतरतं, पोर्ट ५ चा असेल तर ५ वर. तुमच्या एम१ मॅकला जेन २ बाय २ येतच नाही, तिथं १० च मिळणार.

४० जीबीपीएसचं केसिंग मॅकवर खरंच पळेल, पण किंमत कैक पट, ते तापतंही जास्त आणि तुमची साटा डिस्क त्यात चालणार नाही. चार-के व्हिडिओ थेट बाहेरच्या डिस्कवरून एडिट करणाऱ्यानं ते घ्यावं.

पुढं मोठी डिस्क घ्यायची झाली तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. १० जीबीपीएसचा ब्रिज आतून पीसीआयई (एनव्हीएमई डिस्कचा आतला रस्ता) जेन ३, म्हणजे तिसऱ्या पिढीच्या, दोनच लेनवर बोलतो. त्यात जेन ४ ची ७००० एमबीवाली डिस्क टाकली तरी १००० च्या पुढं जाणार नाही, उष्णता मात्र जास्त टाकेल. साधी जेन ३ डिस्क यासाठी उत्तम.

दुसरं म्हणजे डीरॅम. स्वस्त एनव्हीएमई डिस्कमध्ये स्वतःची डीरॅम (कोणता डेटा कुठं आहे याचा हिशेब ठेवणारी वेगवान मेमरी) नसते, त्या कॉम्प्युटरची थोडी रॅम उसनी घेतात. लॅपटॉपच्या आत हे चालतं. यूएसबी ब्रिजमधून तो रस्ता बंद असतो, म्हणून तीच डिस्क केसिंगमध्ये बारीक फाइलींना मंद वाटते. हजारो फोटोंचे कॅटलॉग ठेवायचे तर डीरॅम असलेली डिस्क घ्या. नुसता बॅकअप असेल तर फरक पडत नाही.

पूर्णामाय (परभणी)

उन्हाळ्याचा प्रश्न कुणी घेतला नाही म्हणून सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडं खरी परीक्षा तिथंच आहे.

घरगुती एसएसडीची कामाची मर्यादा बहुतेक कंपन्या ०° ते ७०° सेल्सिअस देतात. त्याच्या आसपास डिस्क स्वतःच वेग कमी करते. तो बिघाड नाही, बचाव आहे. केसिंगमधली डिस्क भोवतालच्या हवेपेक्षा किती अंश वर जाते हे महत्त्वाचं. समजा लांबलचक कॉपीत ती ३० अंशांनी वर जाते. डिसेंबरच्या २० अंशांत ती ५० वर राहील. मे महिन्यात खोलीत ४३ असेल तर ७३, म्हणजे मर्यादेपार. पुण्या-मुंबईच्या एसी खोलीत केलेली परीक्षणं वाचून आपण खरेदी करतो आणि मग केसिंगला नावं ठेवतो.

म्हणून केसिंग पूर्ण अ‍ॅल्युमिनियमचं हवं, शक्यतो बाहेरून खाचा असलेलं. पारदर्शक प्लॅस्टिकचं केसिंग साटा डिस्कला एकवेळ चालेल, एनव्हीएमईला नको. बारीक पंखा असलेली केसिंग येतात, पण आपल्याकडच्या धुळीत पंखा लवकर घरघरायला लागतो. मी बिनपंख्याचंच सुचवेन.

निम्मं काम थर्मल पॅडचं आहे. तो डिस्कच्या चिपा आणि धातूचं झाकण यांच्यात दाबून बसला पाहिजे. बसवताना असं करा:

डिस्क साधारण ३० अंशांच्या कोनात कनेक्टरमध्ये पूर्ण सारा, सोनेरी पट्ट्या जेमतेम दिसाव्यात. मग आडवी दाबून रबरी गुल्ला किंवा स्क्रू लावा. पॅडच्या दोन्ही बाजूंची पातळ फिल्म काढा. एका बाजूची तशीच राहिली तर उष्णता तिथंच अडते आणि हे हमखास होतं. पॅड कंट्रोलर आणि मेमरी या दोन्हींवर यायला हवा. झाकण लावून पुन्हा उघडून बघा. पॅडवर चिपांचा हलका ठसा उमटला असेल तर तो टेकतोय. ठसा नसेल तर अर्ध्या किंवा एका मिलिमीटरनं जाड पॅड आणा. झाकण लावायला जोर लागत असेल तर पॅड फार जाड आहे, त्यानं डिस्क वाकते. डिस्कचं लेबल खरवडून काढू नका, वॉरंटी जाते आणि काही लेबलं उष्णता पसरवण्यासाठीच लावलेली असतात. डिस्कच्या दोन्ही बाजूंना चिपा असतील तर खालीही पातळ पॅड लागतो.

केसिंग हाताला चटका देतंय म्हणून घाबरू नका. उष्णता बाहेर येतेय म्हणजे पॅड काम करतोय. उलट डिस्कचा वेग पडलाय आणि धातू जेमतेम कोमट आहे, हे वाईट लक्षण.

तापमान विंडोजवरच्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये दिसतं. मोठी कॉपी सकाळी किंवा रात्री लावा, केसिंग टेबलावर मोकळं ठेवा, कपड्यावर किंवा पिशवीत नको. कूलरच्या थेट झोतात ठेवू नका, त्या हवेत ओल असते. साधा टेबलफॅन बास.

देवणीकर (उदगीर)

माझ्या केसिंगमधी कॉपी करताना मधीच डिस्क गायब होऊ लालीय. काढून लावली की परत दिसते. हे गरमीनंच का?

बालाघाट (बीड)

गायब होण्याची चार-पाच कारणं असतात देवणीकर भाऊ, ती कधी गायब होते त्यावरून ओळखता येतात.

कॉपी सुरू होताच काही सेकंदांत गेली तर वीज कमी पडतेय किंवा केबल सैल आहे. यूएसबी २ पोर्ट ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर देतो, म्हणजे २.५ वॅट. यूएसबी ३ चा ए पोर्ट ९०० मिलिअँपिअर, म्हणजे ४.५ वॅट. टाइप-सी पोर्ट ७.५ किंवा १५ वॅटपर्यंत देऊ शकतो. आता तेरणाताईंच्या डिस्कचं लेबल घ्या: ३.३ गुणिले २.५ म्हणजे ८.२५ वॅट. हा कमाल आकडा आहे, डिस्क सतत एवढं खात नाही, पण लिहितानाच्या झटक्यात ४.५ च्या वर जाऊ शकते आणि ब्रिजचा स्वतःचा खर्च वेगळा. उपाय म्हणजे मागचा पोर्ट, आखूड केबल, शक्य तर टाइप-सी. बिनअडॅप्टरच्या यूएसबी हबमध्ये एनव्हीएमई लावायचीच नाही.

पाच-दहा मिनिटांनी, केसिंग चांगलंच तापल्यावर गेली तर उष्णता. पूर्णामायनं सांगितलंय ते करा.

कॉपी संपून डिस्क नुसती पडून असताना गेली तर झोपेचा प्रश्न. ब्रिज काही मिनिटांनी डिस्कला झोपवतो आणि काही जोड्यांत ती उठत नाही. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करा. तरी झालं तर केसिंग बनवणाऱ्याच्या साइटवरून फर्मवेअर (ब्रिज चिपच्या आतला प्रोग्रॅम) घ्या. नेमकं त्याच मॉडेलचं घ्या, चिप सारखी आहे म्हणून दुसऱ्या कंपनीचं टाकलं तर केसिंग कायमचं बंद पडू शकतं. आणि त्या वेळी आत कामाची डिस्क ठेवू नका.

केबलला किंचित धक्का लागताच गेली तर टाइप-सीचं तोंड सैल झालंय. दुसरी केबल लावून बघा, तरी तेच असेल तर केसिंग बदला.

डिस्क गायब होत नाही, नुसता वेग पडतो आणि तोही दर वेळी साधारण तेवढेच जीबी गेल्यावर, तर तो उष्णतेचा प्रश्न नाही. डिस्कचा वेगवान राखीव भाग भरला, आता ती मूळ मेमरीच्या चालीनं लिहितेय. क्यूएलसी (एका कप्प्यात चार बिट साठवणाऱ्या) डिस्कमध्ये हे फार जाणवतं, साध्या हार्ड डिस्कच्याही खाली जाते. केसिंग बदलून यात काही होणार नाही. थोडं थांबून पुढचा भाग कॉपी करा आणि डिस्कचा १०-१५ टक्के भाग रिकामा ठेवा.

देवणीकर (उदगीर)

पुढच्या पोर्टला होती, मागं लावली. आता २०० जीबी सलग गेलं, काय झालं नाही. आभारी आहे भाऊ.

दुधना (जालना)

आयफोनचं राहिलं. १५ प्रोवरून थेट बाहेरच्या डिस्कवर प्रोरेझ (एडिटिंगसाठीचा, मोठ्या फाइलींचा व्हिडिओ प्रकार) रेकॉर्ड करायचं तर अ‍ॅपलच्या दोन अटी आहेत: डिस्क सेकंदाला किमान २२० एमबी लिहिणारी हवी आणि वीज ४.५ वॅटच्या आत घेणारी हवी. ताईंची साटा डिस्क याला जास्त योग्य. वेग पुरेसा आणि खाणं कमी. केबल वेगळी घ्या, फोनसोबत येणारी यूएसबी २ आहे. शूटिंगच्या आधी २० मिनिटं सलग रेकॉर्ड करून बघा, मगच मांडवात न्या. साधा आयफोन १५ असेल तर त्याचा पोर्टच यूएसबी २ चा, तिथं हे जमणार नाही.

गोदाकाठ (नांदेड)

फॉरमॅट: विंडोज, मॅक आणि फोन तिन्हीकडं लिहायचं असेल तर एक्सफॅट. फक्त विंडोज असेल तर एनटीएफएस, कारण त्यात जर्नल (बदलांची नोंदवही) असतं आणि मधेच वीज गेली तर सावरायची शक्यता जास्त. मॅक एनटीएफएस वाचतो, लिहीत नाही. फॅट३२ नको, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही.

एक्सफॅट घेतलं की एक शिस्त पाळा. मेमरी कार्डवरून ‘कट’ करून ‘पेस्ट’ करायचं नाही. कॉपी करा, उघडून तपासा, मग कार्ड रिकामं करा. डेस्कटॉप इन्व्हर्टरवर असेल आणि लाइट जाताना तो रीस्टार्ट होत असेल तर आधी यूपीएस लावा. कॉपी चालू असताना झटका बसला तर एक्सफॅटचा अख्खा फोल्डर वाचता न येणारा होऊ शकतो.

मांजरा (लातूर)

केसिंग यूएएसपी या वेगवान यूएसबी प्रोटोकॉलवर चाललंय का तेही बघून घ्या. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘स्टोरेज कंट्रोलर्स’खाली ‘यूएसबी अटॅच्ड एससीएसआय’ दिसलं पाहिजे. नुसतं ‘यूएसबी मास स्टोरेज’ असेल तर जुना प्रोटोकॉल चाललाय आणि बारीक फाइली रखडतात. विंडोजच्या ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’मध्ये डिस्कचा प्रकार ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’ दिसला आणि बटण दाबता आलं, तर ट्रिम (पुसलेली जागा आता मोकळी आहे ही डिस्कला सूचना) पोचतंय. मॅक यूएसबीवरच्या डिस्कला ट्रिम पाठवत नाही, म्हणून बालाघाट भाऊंनी सांगितलेला १०-१५ टक्के रिकामा भाग मॅकवाल्यांनी तर ठेवाच.

पूर्णामाय (परभणी)

लग्नाचे अल्बम वर्षानुवर्षं एसएसडीत घालून कपाटात ठेवू नका. जेडेक या चिपांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या जेईएसडी २१८ मानकात घरगुती एसएसडीसाठी अट आहे ती अशी: लिहिण्याचं ठरलेलं आयुष्य संपलेल्या डिस्कनं बंद अवस्थेत ३०° सेल्सिअसला १ वर्ष डेटा टिकवावा. नवी डिस्क त्याहून पुष्कळ जास्त टिकवते, पण बंद डिस्क जितकी गरम जागी तितका काळ घटतो आणि पत्र्याखालचं लोखंडी कपाट मे महिन्यात ३० वर राहत नाही. जुन्या कामाची एक प्रत साध्या हार्ड डिस्कवर असू द्या, आणि एसएसडी अधूनमधून जोडून फाइली वाचून बघा.

बालाघाट (बीड)

हजार-पंधराशे रुपयांत ‘१६ टीबी एसएसडी’ म्हणून तयार डबी मिळते, तिच्यापासून लांब राहा. आत मेमरी कार्ड आणि खोटी क्षमता सांगणारी चिप असते. डबी भरत जाते, कॉपी पूर्ण झाल्याचंही दाखवते, आणि खऱ्या क्षमतेच्या पुढच्या फाइली उघडत नाहीत. एच२टेस्टडब्ल्यू या तपासणीच्या प्रोग्रॅमनं पूर्ण भरून तपासलं की लगेच उघडं पडतं. आत कोणती डिस्क आहे ते माहीत असलेलं केसिंग म्हणूनच बरं.

तेरणाकाठ (धाराशिव)

सगळ्यांचे आभार. ९२१०बी, अ‍ॅल्युमिनियम, आखूड केबल, मागचा पोर्ट, आणि सोबत एक जास्तीचा पॅड, असं लिहून घेतलं. शेवटचं एक विचारते. ५१२ च्या डिस्कवर जुनी विंडोज आहे. केसिंगमध्ये घातल्यावर काय दिसेल आणि पूर्ण रिकामी कशी करायची?

मांजरा (लातूर)

विंडोज ११ वाल्या लॅपटॉपची असेल तर बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्कला लावायच्या कुलपाची) शक्यता मोठी. जोडल्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागेल. ती त्या लॅपटॉपच्या मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. आतल्या फाइली हव्या असतील तर रिकामी करण्याआधी की मिळवा, नंतर काहीही परत येणार नाही.

की टाकून फाइली दुसरीकडं घेतल्या की पुढचं सोपं आहे. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जुने छोटे विभाग दिसतील, त्यातला ईएफआय विभाग तिथून पुसता येत नाही. म्हणून कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि डिस्कपार्ट चालवा. ‘लिस्ट डिस्क’ दिलं की यादी येते. ५१२ ची डिस्क साधारण ४७६ जीबी दिसेल, त्यावरून नंबर ओळखा. डेस्कटॉपची आतली डिस्कही ५१२ चीच असेल तर केसिंग काढून एकदा यादी बघा, लावून पुन्हा बघा, जो नंबर नव्यानं आला तोच तुमचा. मग ‘सिलेक्ट डिस्क’ आणि तो नंबर. पुन्हा ‘लिस्ट डिस्क’ द्या आणि तारांकन योग्य ओळीसमोर आहे याची खात्री करा, कारण पुढची ‘क्लीन’ कमांड काहीही विचारत नाही. त्यानंतर डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन जीपीटी म्हणून इनिशियलाइझ करा, ‘न्यू सिंपल व्हॉल्यूम’ घ्या, एक्सफॅट निवडा, अ‍ॅलोकेशन साइझ डीफॉल्ट ठेवा आणि ‘क्विक फॉरमॅट’ची खूण तशीच राहू द्या.